वाढीव चौरस फुटांचा हिशेब

पुण्याच्या एरंडवणे, कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर या भागांतील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या सर्वसाधारण सभांना एके काळी गणपूर्ती होणे हीच अडचण असे. सभा अर्ध्या तासासाठी तहकूब करावयाची आणि मग जमलेल्या आठदहा सभासदांनी पाण्याची मोटर, जिन्याचा रंग आणि थकबाकीदारांची यादी एवढे विषय चहाबरोबर संपवावयाचे, असा शिरस्ता होता. आज त्याच सभांना खुर्च्या अपुऱ्या पडतात. परगावी राहणारे सभासद मुद्दाम येतात, परदेशातील मुले दूरध्वनीवरून आईवडिलांना सूचना देतात, आणि पंचवीसतीस वर्षे शेजारधर्माने राहिलेली माणसे एकमेकांशी चढ्या आवाजात बोलू लागतात. विषयपत्रिकेवर एकच शब्द असतो : पुनर्विकास. जेथे इमारती अजून नव्या आहेत तेथे त्याच वादाला दुसरे निमित्त मिळते. मोठ्या गृहप्रकल्पात विकसकाने मोकळ्या ठेवलेल्या जागेवर आणखी एक इमारत उभी करण्याचा आराखडा येतो, आणि रहिवाशांत दोन तट पडतात.

दोन्ही ठिकाणी चर्चेचे पर्यवसान एकाच प्रश्नात होते. यामुळे आपल्या घराचा भाव वाढणार की उतरणार? बाजू घेणारा म्हणतो, नवी इमारत, उद्वाहक, वाहनतळ, वरच्या मजल्यावर सभागृह. भाव दुप्पट होईल. विरोध करणारा म्हणतो, ऊन गेले, वारा गेला, पाण्याचा दाब गेला. कोण घेणार असले घर? दोघांची मते विरुद्ध आहेत, परंतु दोघांच्या हातातील माप एकच आहे. ते माप पुरेसे आहे काय, याचा विचार मात्र सभेत सहसा होत नाही.

वाड्यापासून सदनिकेपर्यंत

सहकारी तत्त्वावर घरे बांधण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. मुंबईच्या गामदेवीत सारस्वत गृहनिर्माण संस्था १९१५ साली स्थापन झाली. मध्यमवर्गीय नोकरदाराला एकट्याने जमीन घेणे परवडत नाही. ती दहावीस जणांनी मिळून घ्यावी, जमीन सर्वांची असावी आणि घर ज्याचे त्याचे, हे त्यामागचे सूत्र होते. पुण्यात या सूत्राला खरी गती मिळाली ती एका आपत्तीने. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्यापाठोपाठ खडकवासल्याचेही फुटले आणि मुठेकाठच्या पेठांतील शेकडो वाडे जमीनदोस्त झाले. विस्थापितांसाठी सहकारनगर, गोखलेनगर यांसारख्या वसाहती उभ्या राहिल्या. जुने पुणे नदीकाठावरून उठून टेकड्यांच्या पायथ्याशी गेले, ते याच काळात.

जे वाडे पुरातून वाचले, ते भाडे-नियंत्रणाने जर्जर झाले. १९४७ च्या कायद्याने भाडी गोठली. त्यामुळे भाडेकरूला संरक्षण मिळाले, परंतु वाड्याची कौले शाकारण्याइतकेही उत्पन्न मालकाच्या हाती उरले नाही. पुढे मालकाने वाडा विकसकाकडे सोपवावयाचा, भाडेकरूंना लहान सदनिका द्यावयाच्या आणि उरलेल्या विकावयाच्या, असा व्यवहार रूढ झाला. बंगल्यांच्या वसाहतींतही वारसांच्या वाटण्यांपायी तेच घडले. तात्पर्य, आज ज्या तीन मजली इमारतीच्या गच्चीवर सभासद नव्या बारा मजली आराखड्याला विरोध करीत असतात, ती इमारतही कोणा शेजाऱ्याचे ऊन अडवूनच उभी राहिलेली आहे. हे लक्षात ठेवले तर वादातील पुष्कळसा आवेश आपोआप ओसरेल.

पुनर्विकासाची बाजू घेणारे सारेच लोभी आहेत, असेही मानण्याचे कारण नाही. सत्तरीच्या दशकात घाईने बांधलेल्या इमारतींच्या लोखंडी सळया गंजल्या आहेत, स्लॅब गळतात, सांडपाण्याचे नळ दर पावसाळ्यात तुंबतात. तिसऱ्या मजल्यावर राहणारी निवृत्त शिक्षिका गुडघेदुखीमुळे आठवडा आठवडा खाली उतरत नाही. दुरुस्तीचा अंदाज काही लाखांत जातो आणि निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या सभासदांना तो पेलत नाही. अशा वेळी कोणी विकसक येऊन पदरचा पैसा न मागता नवे घर देऊ करतो, शिवाय बांधकामाच्या काळातील भाडे आणि वर काही रोख रक्कम देण्याचे वचन देतो, तर त्याला दार उघडणे अगदी स्वाभाविक आहे.

फुकट काही मिळत नाही

तथापि हे घर फुकट मिळते, ही समजूत मात्र चुकीची आहे. त्याची किंमत जमिनीच्या रूपाने दिली जाते, आणि जमीन डोळ्यांना दिसत नसल्यामुळे ती दिल्याचे कळत नाही.

एक साधे उदाहरण घ्यावे. समजा, बारा हजार चौरस फुटांच्या भूखंडावर सोळा सदनिका आहेत आणि प्रत्येकीचे चटईक्षेत्र सहाशे चौरस फूट आहे. प्रत्येक सभासदाच्या वाट्याला जमिनीचा अविभक्त हिस्सा साडेसातशे चौरस फूट येतो. पुनर्विकासात विकसकाने पस्तीस टक्के जादा क्षेत्र देऊ केले. घर आठशे दहा फुटांचे झाले. परंतु त्याच भूखंडावर आता चाळीस सदनिका उभ्या राहिल्या. जमिनीचा हिस्सा उरला तीनशे फूट. म्हणजे दोनशे दहा फूट बांधकाम मिळाले आणि साडेचारशे फूट जमीन गेली. बांधकाम दिवसेंदिवस जुने होते, त्याची किंमत घटते. शहराच्या मध्यभागी असलेली जमीन सहसा घटत नाही. चाळीस वर्षांनी ही नवी इमारतही मोडकळीस येईल, तेव्हा पुढच्या पिढीने पुनर्विकासासाठी विकसकापुढे ठेवावयास जमिनीचा केवढा तुकडा शिल्लक राहील, हा प्रश्न कोणत्याही देखण्या पत्रकात छापलेला नसतो.

याचा अर्थ हा सौदा नेहमीच तोट्याचा असतो, असे नव्हे. गळक्या सहाशे फुटांपेक्षा भक्कम आठशे फूट उपयोगाच्या दृष्टीने निःसंशय सरस आहेत. परंतु ही देणगी नसून विक्री आहे, हे एकदा मान्य केले म्हणजे विकणाऱ्याने जी चौकशी करावयास हवी ती करण्याची बुद्धी होते. जमिनीवर एकूण किती बांधकाम होऊ शकते? मूळचा चटईक्षेत्र निर्देशांक किती, शुल्क भरून मिळणारा किती, बाहेरून आणावयाचा हस्तांतरणीय विकासहक्क किती? राज्यासाठी २०२० च्या डिसेंबरात लागू झालेल्या एकत्रित नियमावलीने हे आकडे बरेच बदलले आहेत. जुन्या नियमांवर केलेला करार आणि नव्या नियमांवर होणारे बांधकाम यांतील तफावत कोणाच्या पदरात पडते, हे सभासदांनी आपल्या वास्तुविशारदाकडून समजून घ्यावयास हवे. विकसकाच्या वास्तुविशारदाकडून नव्हे.

घराचा भाव वाढला म्हणजे घरात राहणाऱ्याचे उत्पन्न वाढले, असेही होत नाही. घर विकावयाचे नाही, भाड्याने द्यावयाचे नाही, तोवर तो भाव कागदावरच असतो. खर्च मात्र कागदावर राहत नाही. उद्वाहक, त्यांची वार्षिक देखभाल, अग्निशमनाची यंत्रणा, सांडपाणी शुद्धीकरण, पहारेकरी, जनित्र यांचा मासिक वर्गणीवर भार पडतो. नव्या इमारतीची मिळकतकराची आकारणीही नव्याने होते. एकरकमी मिळालेल्या निधीच्या व्याजातून हे भागेल असे सांगितले जाते. पण व्याजाचे दर उतरतात आणि पहारेकऱ्याचे वेतन चढते. भाव दुप्पट झालेल्या घराची वर्गणी भरता येत नाही म्हणून ते विकून दूर उपनगरात जाणारा निवृत्त कारकून श्रीमंत झाला की बेघर झाला, याचे उत्तर बाजारभावाच्या कोष्टकात सापडत नाही.

कायद्याने काय दिले

रहिवासी अगदीच निराधार आहेत, असे नाही. १९६३ च्या सदनिका मालकीविषयक कायद्याने विकसकावर दोन महत्त्वाची बंधने घातली : एकदा दाखविलेला आराखडा घेणाऱ्यांच्या संमतीवाचून बदलता येणार नाही, आणि जमिनीचे अभिहस्तांतरण संस्थेच्या नावे करून द्यावे लागेल. पहिल्या बंधनाला पळवाट निघाली, ती करारनाम्यातील बारीक अक्षरांतील कलमाने. भविष्यात होणाऱ्या सर्व बदलांना माझी आगाऊ संमती आहे, असे घेणाऱ्याकडून लिहून घेतले जाऊ लागले. मधुविहार संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये भूखंडाची संपूर्ण बांधकामक्षमता विकसकाने प्रथमच उघड केली पाहिजे, असे स्पष्ट केले. अशी सरसकट आगाऊ संमती ही खरी संमती नव्हे, अशी भूमिका पुढे मुंबई उच्च न्यायालयानेही घेतली. २०१० मध्ये पांचाली संस्थेच्या खटल्यात खांबांवरील इमारतीखालची वाहने लावण्याची जागा विकसकाला स्वतंत्रपणे विकता येणार नाही, असा निर्णय झाला. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने तर मंजूर आराखड्यात बदल करण्यास किमान दोन तृतीयांश सदनिकाधारकांची लेखी पूर्वसंमती आवश्यक केली.

दुसरे बंधन दीर्घकाळ कागदावरच राहिले. हजारो संस्थांच्या इमारती उभ्या राहिल्या, सभासद राहावयास आले, परंतु सात-बारावर अथवा मिळकतपत्रिकेवर नाव मूळ मालकाचेच राहिले. २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची सोय झाली. विकसक सहकार्य करीत नसेल तर सक्षम प्राधिकाऱ्याकडून संस्थेला जमीन आपल्या नावे करून घेता येते. ज्या संस्थेने हे काम केले नाही, तिची सौदा करण्याची ताकद मुळातच निम्मी असते. आपल्या नावावर नसलेल्या जमिनीची किंमत कोण कोणाशी ठरविणार?

पुनर्विकासाच्या प्रक्रियेविषयी राज्य शासनाने सहकार कायद्याच्या ७९-अ कलमाखाली ३ जानेवारी २००९ रोजी निर्देश काढले आणि ४ जुलै २०१९ रोजी ते सुधारून पुन्हा काढले. निविदा मागवाव्यात, स्वतंत्र सल्लागार नेमावा, विकसकाची निवड निबंधकाच्या प्रतिनिधीसमोर व्हावी, सभेचे चित्रीकरण व्हावे, विकसकाकडून बँक हमी घ्यावी, असे त्याचे स्वरूप आहे. न्यायालयांनी हे निर्देश सर्वस्वी बंधनकारक मानलेले नाहीत, आणि तरीही ज्या संस्थांनी ते अक्षरशः पाळले त्यांच्याकडील भांडणे कमी झाली, यात आश्चर्य वाटण्याजोगे काही नाही. व्यवहार उघड्यावर झाला की संशयाला जागा उरत नाही. त्याच वर्षी १३ सप्टेंबर रोजी स्वयंपुनर्विकासाविषयीचा शासननिर्णय निघाला. विकसकाचा नफा सभासदांच्याच हाती राहावा, हा त्यातील हेतू चांगला आहे. परंतु कर्ज उभारणे, कंत्राटदारावर देखरेख ठेवणे आणि हिशेब चोख राखणे यांसाठी निःस्वार्थीपणे राबणारी पाचसहा माणसे प्रत्येक संस्थेत असतातच, असे नाही.

बहुमत आणि एकटा सभासद

या सर्व वादात सर्वांत दुर्बळ बाजू कोणाची असेल, तर ती एकट्या पडलेल्या सभासदाची. मुंबई उच्च न्यायालयाने २००९ च्या डिसेंबरात दिलेल्या निकालानुसार, संस्थेने रीतसर बहुमताने पुनर्विकासाचा निर्णय घेतला तर अल्पमतातील सभासदांना तो बंधनकारक ठरतो. सभासदाला संस्थेपासून वेगळे अस्तित्व नाही. तत्त्वतः हे योग्यच आहे. एका माणसाच्या हट्टापायी पन्नास कुटुंबांनी गळक्या छताखाली राहावे, असे कोणीही म्हणणार नाही. परंतु सभासद हट्टी असतो तसा कधी कधी शहाणाही असतो. करारातील त्रुटी दाखविणारा, बँक हमी कोठे आहे असे विचारणारा, मूळ कागद पाहू द्या म्हणणारा माणूस सभेत अडथळा म्हणून हिणवला जातो. पुढे विकसकाने काम अर्धवट सोडले, भाडे थांबले आणि वृद्ध माणसे भाड्याच्या घरातच वारली म्हणजे त्याच माणसाच्या प्रश्नांची आठवण होते.

सिंगापूरसारख्या अतिशय व्यवहारी शहरातही या प्रश्नाचा विचार झालेला आहे. तेथे १९९९ पासून एकगठ्ठा विक्रीचा कायदा आहे. इमारत दहा वर्षांहून जुनी असेल तर ऐंशी टक्के आणि नवी असेल तर नव्वद टक्के हिस्साधारकांची संमती लागते. एवढेच नव्हे, तर विरोधकांच्या हरकती स्वतंत्र मंडळापुढे चालतात आणि विक्रीची किंमत व रकमेची वाटणी सद्भावाने झाली आहे काय, हे तपासले जाते. बहुमताची कसोटी आणि न्याय्यतेची कसोटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेथील कायद्याने ओळखले. आपल्याकडे दुसऱ्या कसोटीसाठी सभासदाला न्यायालयाची पायरी चढावी लागते, आणि ती चढण्याची ऐपत ज्याला असते त्याला बहुधा घराची चिंता नसते.

कुंपणापलीकडचा प्रश्न

आतापर्यंतचा हिशेब कुंपणाच्या आतला झाला. परंतु एका भूखंडावर सोळांची चाळीस कुटुंबे झाली तर पाणी, सांडपाणी आणि वाहने कुंपणाच्या आत राहत नाहीत. गल्लीतील एका संस्थेने पुनर्विकास केला तर तिचा फायदा होतो; दहांनी केला तर गल्ली बंद पडते. प्रत्येक सभेत निर्णय घेताना सभासद आपल्या इमारतीपुरता भाव पाहतात, आणि सर्वांच्या निर्णयांची बेरीज सर्वांचाच भाव खाली आणते.

बाणेर-बालेवाडी भागात पाण्याचा तुटवडा इतका वाढला की, २०१७ मध्ये नव्या बांधकामांच्या परवानग्यांना उच्च न्यायालयाला काही काळ स्थगिती द्यावी लागली. नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यांवरील संस्थांना हस्तांतरणीय विकासहक्क वापरता येत नव्हता. तेव्हा २०२० च्या जूनमध्ये महापालिकेत सहा मीटरचे तीनशेहून अधिक रस्ते नऊ मीटर करण्याचा प्रस्ताव आला आणि शहरात मोठे वादळ उठले. एका बाजूला जुन्या इमारतींना मार्ग मोकळा होईल म्हणून त्याचे स्वागत झाले, तर दुसऱ्या बाजूला रस्त्यालगतची झाडे, अंगणे आणि शांतता जाईल म्हणून विरोध झाला. येथेही दोन्ही पक्षांना आपापल्या घराची काळजी होती. रस्ता नऊ मीटर झाल्यावर त्यावर येणाऱ्या माणसांना पाणी कोठून मिळणार, त्यांच्या मुलांना शाळा कोठे आणि मैदान कोठे, हा प्रश्न मात्र मोजपट्टीच्या वादात मागे पडला.

पुण्याच्या सामाजिक-आर्थिक पाहणीचे थोर काम धनंजयराव गाडगीळांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेत केले. त्याचे दोन भाग १९४५ व १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले. शहरातील माणसे कशी राहतात, हे आधी मोजावे आणि मग त्यांच्यासाठी काय करावयाचे ते ठरवावे, हा त्या कामाचा धडा होता. आज गल्लीगल्लीत इमारती पाडण्याचे ठराव होत असताना त्या गल्लीची जलवाहिनी किती इंचांची आहे, मैलावाहिनी केव्हा घातलेली आहे आणि पुढील दहा वर्षांत तेथे किती कुटुंबे येणार आहेत, याची एकत्र मोजणी केल्यावाचून प्रत्येक भूखंडाचा आराखडा स्वतंत्रपणे मंजूर करणे म्हणजे मोजमाप न घेता अंगरखा बेतण्यासारखे आहे. महापालिका विकासशुल्क घेते. त्या शुल्कातून त्याच गल्लीत काय झाले, हे विचारण्याचा अधिकार तेथील रहिवाशांना आहे आणि तो त्यांनी बजावला पाहिजे.

भाव आणि मोल

भावाची चर्चा करू नये, असा याचा निष्कर्ष नाही. ज्यांच्या आयुष्यभराच्या बचतीला घर हेच एक रूप आहे, त्यांनी त्याच्या किमतीचा विचार करणे हे कर्तव्यच होय. परंतु भाव हा शब्द आज पुष्कळशा न बोललेल्या गोष्टींचा मुखवटा झाला आहे. ज्याला ऊन हवे आहे तो भाव उतरेल म्हणतो. ज्याला जिने चढवत नाहीत तो भाव चढेल म्हणतो. ज्याला नव्या शेजाऱ्यांची धास्ती वाटते तोही भावाचेच नाव पुढे करतो. प्रत्येकाने आपली खरी गरज त्याच शब्दांत मांडली तर तडजोडीला वाट सापडते. इमारत दोन मजले कमी करावी, ऊन येईल अशी ती सरकवावी, वृद्ध सभासदांची वर्गणी भागेल एवढा निधी आधीच वेगळा ठेवावा, बांधकामाच्या काळात त्यांची जवळपासच सोय करावी, अशा अटी घालता येतात आणि त्या मान्य होतात. भाव वाढेल की उतरेल या पैजेवर मात्र कोणतीही तडजोड होत नाही.

सहकारी गृहनिर्माण संस्था या नावातील पहिला शब्द केवळ नोंदणीच्या सोयीसाठी घातलेला नाही. जमीन सर्वांची, म्हणून तिच्याविषयीचा निर्णयही सर्वांच्या डोळ्यांदेखत, सर्व कागद समोर ठेवून आणि सर्वांत दुबळ्या सभासदाची सोय पाहून व्हावा, एवढाच त्याचा अर्थ आहे. जमिनीच्या नोंदीचा उतारा, बांधकामक्षमतेचा तक्ता, स्वतंत्र सल्लागाराचा अहवाल आणि कराराचा मराठी मसुदा हे चार कागद प्रत्येक सभासदाच्या हाती पडल्यावर महिनाभर थांबावे आणि मग हात वर करावा. एका महिन्याच्या विलंबाने कोणतीही चांगली योजना मोडत नाही. जो विकसक एवढा महिनाही थांबावयास तयार नसेल, त्याच्या भरवशावर आपल्या छपराखालून बाहेर पडावे काय, हे मग सभासदांना निराळे सांगावे लागणार नाही.